मेंदू ठीक, मणका ठीक, मग बाबांचे पाय का हलत नव्हते? (जीबीएस आणि आपली मज्जासंस्था)

निशिगंधा_१२

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. २००हून अधिक संशयित रुग्ण झाले. त्यांतले एक माझे बाबा. तेव्हा इथे काही लिहायचं त्राण नव्हतं. आता लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मला जे कळायला हवं होतं ते मराठीत एका जागी कुठेच मिळालं नाही.

आधी दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले. आठवड्याने एका सकाळी बाबा म्हणाले, तळपायाला मुंग्या येताहेत. रात्री पाय अवघडला असेल असं सगळ्यांनाच वाटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एका पायातली चप्पल मागे राहिली आणि त्यांना पत्ताच नाही, तसेच तीन पायऱ्या उतरले. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताच येईना. शेजारचे काका म्हणाले, लकवा आहे, उशीर करू नका.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर रबरी हातोडी घेऊन गुडघ्याखाली टकटक. पाय उडालाच नाही. दुसरा पाय, तोही नाही. घोट्यामागे मारलं, काही नाही. मग म्हणाले, "हे मेंदूतलं वाटत नाही. नसांमधलं वाटतंय." स्कॅन व्हायच्या आधी! एका हातोडीवरून एवढं कसं कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. पुढे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून मी हेच वाचत राहिले.

मला जे समजलं ते असं. गुडघ्याखाली मारलं की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. हा ताण मोजणारे तंतू स्नायूतच असतात. ते कंबरेच्या भागातल्या मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथल्या तिथे, दुसऱ्या कुणाला न विचारता, हालचालीचा तंतू उलट हुकूम सोडतो आणि पाय उडतो. मेंदूला नंतर कळतं. म्हणजे हातोडीच्या एका टकटकीत तीन गोष्टी तपासल्या जातात: आत जाणारी तार, मज्जारज्जूतला तो छोटा जोड आणि बाहेर येणारी तार. मेंदूकडून येणारी वाट तुटली असेल, तर कालांतराने पाय उलट जास्तच उडतो, कारण या क्रियेला लगाम घालणारा वरचा हात सुटलेला असतो. तारच बिघडली असेल तर पाय उडतच नाही.

शाळेत आपण पाठ केलं होतं: मध्यवर्ती संस्था म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, परिघीय संस्था म्हणजे त्यांतून निघणाऱ्या नसा. ती दोन नावं मला परीक्षेपुरती होती. बाबांच्या बाबतीत त्या दोन नावांमधली रेघ म्हणजे आयसीयूतल्या सगळ्या निर्णयांची रेघ होती. मेंदू शाबूत, मज्जारज्जू शाबूत आणि तिथून बाहेर पडणारी मज्जातंतूंची सगळी जाळी आजारी.

दुसरं म्हणजे दोन्ही पाय सारखेच गेले. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, कारण हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या अगदी खालच्या टोकाशी, मान सुरू होते तिथे बाजू बदलतात. म्हणून पक्षाघातात सहसा एकच बाजू जाते. बाबांचं पायांपासून सुरू होऊन दोन्हीकडे सारखं वर चढत होतं. सहाव्या दिवशी हात, सातव्या दिवशी चेहरा. त्यांना हसताच येईना, कुठल्याच बाजूने.

बाकी हळूहळू लिहिते. कुणाला माहिती असेल तर भर घाला, चुकलं असेल तर सांगा.

केतकी_वन

वाचताना पोटात कालवलं गं. बाबा आता कसे आहेत ते आधी सांग.

निशिगंधा_१२

काठी घेऊन चालतात. शर्टाची बटणं स्वतः लावतात. पावलं अजून पुरती उचलली जात नाहीत, त्याबद्दल खाली लिहीन.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जासंस्थेच्या रुग्णांबरोबरच काम करते. निशिगंधा, फार नेमकं लिहिलं आहेस. एकच भर: मज्जारज्जूला अचानक जबर इजा झाली, तर सुरुवातीचे काही दिवस तिथेही हातोडीला प्रतिसाद मिळत नाही. म्हणून डॉक्टर एकट्या हातोडीवर विसंबत नाहीत. दोन्हीकडे सारखी, वर चढत जाणारी दुर्बलता, आधीचे जुलाब आणि गेलेले प्रतिक्षेप (हातोडीने पाय उडतो तशा आपोआप होणाऱ्या क्रिया) हे सगळं एकत्र दिसलं म्हणून ते तसं म्हणाले असणार.

जुलाबांचंही सांगते. त्या साथीत पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता, काहींमध्ये नोरोव्हायरसही. या जिवाणूच्या अंगावर साखरेचे जे कण असतात ते आपल्या मज्जातंतूंवरच्या काही कणांसारखेच दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं आणि तीच प्रतिपिंडं मज्जातंतूंना शत्रू समजून चिकटतात. मधल्या एक ते तीन आठवड्यांत जुलाब केव्हाच थांबलेले असतात, म्हणून घरच्यांना दोन्हींचा संबंध लागत नाही. हा जंतू पोटात गेलेल्या साधारण १००० जणांत एखाद्यालाच जीबीएस होतो. त्यामुळे प्रत्येक जुलाबाला घाबरू नका, पण जुलाबानंतर पायाच्या मुंग्या वर चढू लागल्या तर एक दिवसही घरी काढू नका.

ओमेगा_पिट्सबर्ग

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. "तार" या शब्दावर अडखळलो. तांब्याच्या तारेतला संदेश प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो. मज्जातंतूंचा वेग सेकंदाला ५०-६० मीटर असं वाचलं. एवढा फरक का? वायरचं वरचं आवरण खरवडलं तर वीज गळते, तसंच जीबीएसमध्ये होतं का?

शिक्षक_करवीर

जीवशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे इथे थोडा पाल्हाळ होईल, चालवून घ्या.

मज्जातंतूत वीज तारेतून वाहते तशी वाहत नाही. चेतापेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. त्यामुळे शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनी ऋण असते. संदेश येतो म्हणजे पेशीच्या पडद्यातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेचा भार क्षणभर उलटतो आणि त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. मग त्यांच्या शेजारची. आपल्याकडे आग विझवायला माणसांची रांग करून बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसं. माणसं जागेवरच असतात, बादली पुढे जाते. दर ठिकाणी दार उघडायला वेळ लागतो, म्हणून तांब्याच्या तारेच्या मानाने हे फार सावकाश.

हे गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२मध्ये मांडलं, एका समुद्री स्क्विडच्या तंतूवर प्रयोग करून. स्क्विडच का, तर त्याचा तो तंतू जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो आणि त्यात तारेचं टोक घालता येतं. त्याला आवरण नसतं, आणि आवरण नसताना वेग हवा तर तंतू जाड करण्यावाचून गत्यंतर नाही. आपले सगळे तंतू तसे जाड असते तर पाठीच्या कण्यात मावले नसते!

आपल्या शरीराने दुसरा मार्ग काढला. श्वॉन पेशी नावाच्या पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात, पुरणपोळीच्या नव्हे तर सुरळीच्या वडीच्या वेढ्यांसारखे एकावर एक वेढे. हे झालं मायलिन. दोन पेशींच्या मध्ये अगदी बारीक उघडी जागा राहते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. दारं मुख्यतः त्या गाठींवरच असतात. त्यामुळे बादली हातोहात न जाता एका गाठीवरून पुढच्या गाठीवर उडी मारत जाते. मायलिन असलेले जाड तंतू सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातात. मायलिन नसलेले, दुखण्याची ठणक पोचवणारे बारीक तंतू जेमतेम एक-दोन मीटर. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचकाळतो तेव्हा आपटल्याचं लगेच कळतं आणि खरी कळ पाठोपाठ येते, तो मधला क्षण याच फरकाचा.

ओमेगा, म्हणजे तुमचं उत्तर अर्धं बरोबर आहे. आवरण गेलं की गळती होतेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की उघड्या पडलेल्या भागात पुरेशी दारंच नसतात. पुढच्या गाठीपर्यंत उडी पोचत नाही आणि संदेश वाटेतच विझतो.

ओमेगा_पिट्सबर्ग

सर, आता लख्ख कळलं. म्हणजे ही तार नाहीच, ही ठरावीक अंतरांवर रिपीटर बसवलेली लाइन आहे. आणि जितकी लाइन लांब तितके टप्पे जास्त, म्हणून पायांपासून सुरुवात होत असावी?

पायवाट

बरोबर. सगळ्यात लांब तंतू पायांचे, वाटेत बिघडायच्या जागाही तिथेच जास्त. मधुमेहात वेगळ्या कारणाने का होईना, पण आधी तळपाय, मग हाताची बोटं, असंच चढत जातं. पायमोजे आणि हातमोजे घातल्यासारखं बधिरपण येतं.

निशिगंधा_१२

सर, सुरळीच्या वडीसाठी मनापासून आभार. आज बाबांना हे वाचून दाखवलं. बाबांची एनसीव्ही, म्हणजे नसांमधल्या संदेशाचा वेग मोजणारी तपासणी झाली तेव्हा मी शेजारी होते. मनगटावर आणि कोपरावर छोटे झटके देतात आणि स्नायूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागला ते पडद्यावर बघतात. हातात सेकंदाला ५० मीटरच्या आसपास हवा होता. बाबांचा त्याच्या निम्म्याच्याही खाली होता. काही ठिकाणी रेघ सपाट.

आता पाठीतलं पाणी. "मणक्यातलं पाणी काढायचं आहे" असं डॉक्टर म्हणाले आणि आमच्या आत्याने रडून गोंधळ घातला. पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो, हे तिच्या मनात पक्कं होतं. आमची अर्धी रात्र त्या चर्चेत गेली. नंतर एका निवासी डॉक्टरांनी माझ्या वहीत चित्र काढून दाखवलं आणि मला तेच इथे सांगायचं आहे. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जातो, पण आतला मज्जारज्जू तेवढा लांब नसतो. तो जेमतेम ४५ सेंटिमीटरचा आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली त्या पाण्यात फक्त सुट्या मुळ्या लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारख्या. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच, सुई त्याला लागणार कशी? बाबांना नंतर दोन दिवस डोकं दुखलं, एवढंच. कुणाच्या घरी ही वेळ आली तर हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा आणि अर्धी रात्र घालवू नका.

शिक्षक_करवीर

त्या पाण्यात काय शोधतात याला इतिहास आहे. १९१६मध्ये पहिलं महायुद्ध चालू असताना ज्यॉर्ज गिलां, झाँ-अलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांकडे दोन सैनिक आले होते. पाय लुळे, प्रतिक्षेप गेलेले. पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत. जंतूंनी मज्जारज्जूला सूज आणली असती तर पेशीही वाढल्या असत्या. शंभर वर्षांनंतरही पाण्यात हीच खूण शोधतात. स्ट्रोल यांचं नाव मात्र आजाराच्या नावातून गळालं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

वसुधा_आजी

बाळांनो, एक विचारते. "नस" म्हणजे नक्की काय? सलाईन लावताना "नस सापडत नाही" म्हणतात, कंबर दुखली की "नस दबली" म्हणतात, आणि इथे नसा आजारी पडल्या म्हणता. सगळं एकच का?

शिक्षक_करवीर

आजी, प्रश्न अगदी योग्य आहे. बोलताना आपण दोन्हींना नस म्हणतो, पण त्या वेगळ्या. सलाईन लावतात ती रक्ताची शीर, आतून पोकळ. दबते ती मज्जातंतूंची जुडी, भरीव, पांढरट दोरीसारखी. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तेव्हा तुम्ही त्या दोरीलाच धक्का दिलेला असतो. मज्जारज्जूतून अशा ३१ जोड्या निघतात. डोक्यातून थेट निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या, पण त्यांतल्या बहुतेक परिघीयच. म्हणून निशिगंधाच्या बाबांचा चेहरा आणि गिळणं गेलं. दुसरी जोडी, दृष्टीची, ही खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, तिचं मायलिनही वेगळ्या पेशी बनवतात. म्हणून दिसणं तसंच राहिलं.

पुस्तकात आता "चेतासंस्था" लिहितात, जुनी माणसं "मज्जासंस्था" म्हणतात. दोन्ही एकच.

निशिगंधा_१२

दिसणं तसंच राहिलं. हो सर. आणि ऐकणंही.

हा भाग लिहिणं मला जड जातंय, पण धागा काढला तो याच्यासाठीच. आठव्या दिवशी बाबांचा श्वास उथळ झाला. मोठा श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगायचे. सकाळी ३१पर्यंत गेले, दुपारी १९, संध्याकाळी ११. फासळ्यांखालचा श्वासाचा पडदा जी नस चालवते ती मानेतून, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या मुळांतून निघते. पायांपासून निघालेलं दुखणं तिथे पोचलं होतं. रात्री व्हेंटिलेटर लावला. १९ दिवस होता.

त्या १९ दिवसांत बाबांचं बोटसुद्धा हलत नव्हतं. चेहऱ्यावर काही भाव नाही, पापण्या अर्धवट. भेटायला आलेली माणसं त्यांच्या उशाशी उभी राहून बोलत. एक जण म्हणाला, "आता काही खरं दिसत नाही." दुसऱ्याने खर्चाचा हिशोब विचारला. मी स्वतः तिथे उभी राहून भावाशी फोनवर घर गहाण ठेवायचं बोलले.

बाबांना ते सगळं ऐकू येत होतं. मेंदू पूर्ण जागा होता. औषधाने झोपवलेले तास सोडले तर त्यांना प्रत्येक आवाज आठवतो. घरी आल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी मला विचारलं, "घराचं काय ठरलं मग?"

मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं की आजार बाहेरच्या तंतूंत आहे, आतला माणूस तसाच्या तसा आहे, तर मी ते बोलणं बाहेर जाऊन केलं असतं. शेवटच्या आठवड्यात एका सिस्टरांनी पापणीची खूण ठरवून दिली, हो म्हटलं की एकदा मिटायची. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पाठीखालची चादर सरळ करा. आठ दिवस ती सुरकुती टोचत होती. म्हणजे स्पर्शाचे काही तंतू चालू होते, पण सांगायचं कसं?

केतकी_वन

काय बोलू. शब्द नाहीत.

पायवाट

निशिगंधा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मी आता प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना हेच पहिल्यांदा सांगते.

अजून एक जाळं आहे, त्याचा उल्लेख राहिला. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचाल यांचे तंतूही बाहेरूनच जातात. ती स्वायत्त संस्था. जीबीएसमध्ये तीही बिघडते. रक्तदाब अचानक १८०वर आणि थोड्या वेळात ९०वर असं होतं. बाथरूमला नेताना, कूस बदलताना ठोके बदलतात. म्हणून हातपाय एवढेच लुळे असले तरी मॉनिटर काढत नाहीत. नातेवाईकांना वाटतं उगाच आयसीयूत ठेवलंय. तसं नसतं.

मुसाफिर_७

उपचार काय झाले? स्टेरॉइड देतात ना?

पायवाट

नाही, जीबीएसमध्ये एकट्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही हे सिद्ध झालं आहे. दोन उपचार चालतात. एक आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, वजनाच्या दर किलोला ०.४ ग्रॅम रोज, ५ दिवस. ७० किलोच्या माणसाला एकूण १४० ग्रॅम, म्हणूनच खर्च एवढा. दुसरा म्हणजे रक्तातला द्रव काढून बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच. त्याने हल्ला थांबतो. दुरुस्ती शरीरानेच करायची असते.

निशिगंधा_१२

आणि त्या दुरुस्तीचा वेग! श्वॉन पेशी नवीन मायलिन गुंडाळतात ते काही आठवड्यांत, महिन्यांत होतं. बाबांचे हात तसे परत आले. पण जिथे आतला तंतूच तुटला, तिथे तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मेंदू आणि मज्जारज्जूत तेवढंही होत नाही, म्हणून तिथली इजा इतकी वाईट. कंबरेपासून पावलापर्यंत जवळजवळ एक मीटर. बाबांनी स्वतः भागाकार केला आणि भिंतीवर २०२७चं कॅलेंडर मागितलं. मी म्हटलं अजून छापलंही नसेल.

सह्याद्री_वारा

नमस्कार. धागा रात्रभर वाचला. माझे मेहुणे परवापासून ॲडमिट आहेत, वय ३८, कालच जीबीएस सांगितलं. पाय गेलेत, हात थोडे कमजोर. श्वास ठीक आहे म्हणतात. आम्ही काय बघत राहायचं?

पायवाट

दादा, निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. तुमच्या हातात तीन गोष्टी. दर दोन-तीन तासांनी एका दमात आकडे मोजायला सांगा, त्याच वेगाने, आणि वेळेसकट लिहून ठेवा. आकडा उतरायला लागला की लगेच सिस्टरना सांगा, मशीनवरची फुंकर तपासणी ते करतील. पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा झाला तर तोंडाने काहीही देऊ नका आणि ताबडतोब कळवा. पावलं खाली लोंबू देऊ नका, काटकोनात उशी लावा.

निशिगंधा_१२

आणि त्यांच्याशी बोला. हात धरून, नाव घेऊन. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, माझा नंबर त्यात आहे. कधीही फोन करा.

सह्याद्री_वारा

आभार ताई. आत्ता पाच वाजता मोजून घेतलं. ३४. आठला परत मोजतो.